टपावरून आणलेला बाजा

वैशाख लागला की जळगावात दोन गोष्टी अंगावर येतात, ऊन आणि लग्नं. उन्हाचं मला काही वाटत नाही, ते हाडांत मुरलंय. लग्नांचा मात्र वीट आला आहे. आमच्या घरापलीकडे हायवेला ओळीनं लॉन्स झाली आहेत. तिथे डीजे सुरू झाला की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणायला लागतात, आणि आपल्या छातीत दुसऱ्याच कुणाचं तरी काळीज बसवलंय असं वाटतं. खिडक्या लावून घ्याव्यात तर उकाड्यानं जीव जातो, उघड्या ठेवाव्यात तर कान.

त्यातही अलीकडे मला सगळ्यात जास्त किळस येते ती जुन्या स्टीरिओंच्या कौतुकाची. ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात एक सागवानी खोकं येऊन बसलंय. आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे आहे, त्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवली आहे. रिंगरोडच्या एका कॉफीच्या दुकानात आहे, त्यावर साखरेच्या पुड्या. लोक त्या लाकडावरून हात फिरवतात, फोटो काढतात आणि डोळे ओले करून म्हणतात, तो काळच वेगळा होता. कसला वेगळा? मी होतो त्या काळात. एक स्टीरिओ माझ्या घरात कसा आला ते मला पक्कं ठाऊक आहे. आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून माझ्या घरातही त्याचं तसलंच गोडगोड काहीतरी झालं. ते आता मोडून टाकायचं आहे.

तो स्टीरिओ माझे सासरे, नाना, यांचा. दोंडाईच्याला मिरचीच्या आडतीवर ते दिवाणजी होते. दिवसभर लाल पोत्यांच्या थप्प्यांमध्ये बसायचं आणि संध्याकाळी शिंकत घरी यायचं. धुळ्याच्या कापड गिरणीतला कुणी साहेब बदलीवर जाताना आपलं सामान विकून गेला, त्यातून त्यांनी तो घेतला होता. त्याला स्टीरिओ कुणी म्हणत नव्हतं, सगळ्या गल्लीत त्याचं नाव बाजा. मधे चकती फिरणारी पेटी आणि दोन बाजूंना जाळीचं कापड लावलेली दोन खोकी.

मुलगी बघायला गेलो तेव्हा तो मी पहिल्यांदा पाहिला. नाना आडतीवरून आले, आधी आंघोळ केली, कपडे बदलले, मग डाळीचं पीठ लावून हात पुन्हा धुतले. मिरचीची धूळ सुईला लागली तर तबकडीवर चरा पडतो, असं त्यांचं म्हणणं. मग बटण दाबून ते मागे सरकून जमिनीवर बसले. आतल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ खोलीत कुणी बोललं नाही. पुढच्या पट्टीत हिरवा दिवा हळूहळू उजळला, तापलेल्या धुळीचा आणि लाकडाचा एक वास आला, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी फक्त सुईची खसखस ऐकू आली. बाहेर ओट्यावर गल्लीतल्या बायका केव्हाच येऊन टेकल्या होत्या. रस्त्यानं जाणारा एक माणूस सायकलवरून उतरून उभा राहिला.

मला गाणं आठवत नाही. मला तो उभा राहिलेला माणूस आठवतो. आपल्या दारासमोर माणसं अशी थांबली पाहिजेत, असं तेव्हा मनात आलं. पोह्यांच्या बशा घेऊन सुमन आली होती. परत निघालो तेव्हा तिचा चेहरा मला धड आठवत नव्हता. दिव्याचा हिरवा रंग मात्र मी बरोबर सांगितला असता.

उन्हाळ्यात नाना दिवसा बाजा लावत नसत. तबकड्या माठाच्या घडवंचीखाली उभ्या करून ठेवत आणि पुढे ओलं पोतं टांगत. घरात पाहुणा आला तर त्याला त्या पोत्यावरून वाकून पाणी घ्यावं लागे. सासूबाई कुरकुरायच्या, "माणसांना भुईवर झोपवतात आणि रेकॉर्डींना माठाखाली."

लग्न वैशाखातच झालं. आमच्याकडे पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं आणि तो घासाला हात लावत नाही. मग मुलीचा बाप येऊन विचारतो, काय पाहिजे. कुणी घड्याळ मागतं, कुणी सायकल. बायका हसतात, म्हातारे "अडून राहा रे" म्हणतात. सगळा खेळ. खेळ आहे असं म्हटलं की कुणाच्या तोंडाकडे नीट बघावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

वरण-बट्टी वाढलेली होती, वांग्याच्या भाजीवर तेल तरंगत होतं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. नाना वरणाचं भांडं घेऊन स्वतः वाढत होते. ते माझ्यापुढे थांबले आणि हसत म्हणाले, "बोला पाव्हणं, काय राग आला?"

माझा मित्र कानात म्हणत होता, घड्याळ माग. मी म्हणालो, "बाजा."

एकदम हशा झाला. नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते हातातल्या पळीकडे बघत राहिले. पळीतून वरण परत भांड्यात ठिबकत होतं. मग त्यांनी ती पळी माझ्या ताटात ओतली आणि म्हणाले, "बरं. जेवा."

मी जेवलो. पोटभर जेवलो, हे लिहून ठेवतो.

निघताना नानांनी बाजा स्वतः बांधला. जुन्या गोधड्या गुंडाळल्या, सुतळी आवळली. तबकड्यांची पेटी वेगळी, तिला ओलं फडकं. मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पेटी तेवढी उन्हात नका ठेवू. पायाशी ठेवा." मी मान हलवली. वऱ्हाडाची गाडी भाड्याची होती. आत रुखवताची भांडी, ट्रंका आणि बायका. पेटीसाठी पायाशी जागा करता आली असती, एखादी ट्रंक वर टाकायची होती फक्त. पण मला बाजा टपावर हवा होता, गोधड्या काढून. अमळनेरात दिसावा, धरणगावात दिसावा, एरंडोलला आमच्या आळीत शिरताना तर दिसलाच पाहिजे. आणि बाजा वर गेला तशी पेटीही वर गेली. भर दुपारी आम्ही निघालो. तापलेला टप, वर तापलेलं आभाळ, आणि त्या दोघांमध्ये नानांच्या तबकड्या.

एरंडोलला पेटी उघडली तेव्हा खाटेवर वाळत घातलेल्या पापडांसारख्या सगळ्यांच्या कडा वर आलेल्या होत्या. काही एकमेकींना चिकटल्या होत्या. अंगावर हळद असलेली सुमन दारात उभी राहून ते बघत होती. नव्या नवरीनं बोलायचं नसतं. मी पेटी बंद करून माळ्यावर ढकलली.

नवीन तबकडी जळगावला मिळत होती. एकदा आणलीही. पण गचक्यांनी आत काहीतरी सुटलं असावं, एका बाजूनं नुसती घरघर आली, दुसऱ्या बाजूनं तीही नाही. दुरुस्त करावा असं मला वाटलं नाही. खरं कारण हे की मला गाण्याची आवडच नव्हती. बाजा मुका असला तरी तेवढाच छान दिसत होता. आईनं त्याच्या मापाचं क्रोशाचं आच्छादन विणलं. लोक येत, बघत, "वा" म्हणत, आणि मी "सध्या सुई मिळत नाही" असं सांगत असे.

दोंडाईच्याला गेलो की नाना एकच विचारत, "बाजा वाजस ना?"

"वाजस ना नाना. रोज लावतो."

"बठ्ठा आवाज साफ येस?"

"सगळा. एकदम साफ."

ते समाधानानं मान हलवत. त्यांच्या घरात बाजाची जागा तशीच रिकामी होती, भिंतीवर त्याच्या उंचीइतका चुना पांढरा राहिला होता. तिथे त्यांनी काही ठेवलं नाही. संध्याकाळी हात मात्र तसेच दोनदा धूत. ओट्यावर आता कुणी येत नव्हतं.

नाना गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. आम्ही एरंडोलहून जळगावला आलो, बाजा बरोबर आला, क्रोशाचं आच्छादन विटलं, मग बाजा माळ्यावर गेला. यंदा नातवाचं, ओंकारचं लग्न ठरलं आणि त्याला तो सापडला. ओंकार हुशार आहे, पुण्यात नोकरी करतो, आणि जुन्या वस्तूंचं त्याला वेड आहे. म्हणजे जुन्या वस्तूंच्या फोटोंचं. त्यानं तो धुळ्याला नेऊन दुरुस्त करून आणला, लाकूड चकचकीत करून घेतलं, बरोबर एक तबकडी आणली, आणि एका संध्याकाळी दिवाणखान्यात लावला.

मी पेपर वाचत होतो. नळ्या तापल्या, तोच वास आला, खसखस झाली आणि गाणं सुरू झालं. खोटं का बोलू, त्या यंत्रात काहीतरी आहे. आवाज भिंतीतून यावा तसा येत नव्हता, समोर कुणीतरी श्वास घेऊन बसल्यासारखा येत होता. बाईनं ओळ संपवताना घेतलेला दमही ऐकू येत होता. मोबाईलवर गाणं लावून भाजी निवडता येते. याच्यासमोर दुसरं काही करता येत नाही, बसावंच लागतं. एका माणसाला रोज संध्याकाळी शिंका ओसरल्यावर एवढं मिळत होतं, आणि ते मी एका जेवणात मागून घेतलं. पेपर मी तोंडापुढून काढला नाही.

सुमन स्वयंपाकघरातून आली, ओल्या हातानं दाराशी उभी राहिली. "नाना यापेक्षा हळू लावायचे," ती म्हणाली, आणि परत गेली.

"कोण नाना?" ओंकारनं मला विचारलं.

त्याला माहीतच नव्हतं. त्यानं लग्नासाठी पाटी करून घेतली होती: 'आमच्या आबांचा छंद.' मी म्हणालो, "हा माझा छंद नाही. बाजा तुझ्या आजीच्या वडिलांचा आहे."

"आबा, आता पाटी छापून झाली. आणि लोकांना काय कळतंय?"

लग्नात लॉन्सच्या तोंडाशीच तो ठेवला होता. खाली गवताचा गालिचा, मागे झेंडूच्या माळा, वर पाटी. चकती फिरत होती पण आवाज बंद ठेवला होता, कारण आत डीजे होता. पोरी येत, सुईच्या दांड्यावर बोट ठेवून मान वाकडी करत, फोटो काढत, की पुढची. एक गृहस्थ माझा हात दाबून म्हणाले, "आबा, तुमच्या पिढीनं संगीत जपलं." मी हात सोडवून घेतला.

सुमनचा धाकटा भाऊ मधुकर दोंडाईच्याहून आला होता. आता तोही सत्तरीचा. तो पाटी वाचून बराच वेळ उभा राहिला. "छान ठेवलाय दाजी," एवढंच म्हणाला. त्यानं बाजाला हात लावला नाही. माझ्या माहितीप्रमाणे तिथे आलेल्या माणसांत हात न लावणारा तो एकटाच.

मग जेवणं सुरू झाली. नवरानवरीचं टेबल फुलांनी मढवलेलं, बाजूला माईक घेतलेला एक पोरगा. तो ओरडला, नवरदेव रुसले आहेत. ओंकारनं हाताची घडी घातली आणि ओठ पुढे काढले. कॅमेरे जवळ आले. मित्र ताटं वाजवायला लागले. नवरीच्या वडिलांना पुढे आणलं गेलं. चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी, साधा माणूस, नवा कोट घामानं अंगाला चिकटलेला. माईकवाल्यानं विचारलं, "सांगा नवरदेव, काय पाहिजे?" ओंकार म्हणाला, "बुलेट."

ते गृहस्थ हसले. हसले, आणि मग टेबलावरच्या वाटीकडे बघत राहिले.

मी ते बघणं ओळखलं. उठलो, कसा उठलो माहीत नाही, आणि त्या पोराच्या हातातून माईक घेतला. म्हणालो, "ओंकार, जेव. काही मागायचं नाही. बाहेर ठेवलाय तो बाजा मी असाच रुसून मागितला होता. माझ्या सासऱ्यांकडे आनंदाची तेवढीच एक वस्तू होती. मी घेतली, टपावर बांधून उन्हातून नेली, त्यांच्या सगळ्या तबकड्या खराब केल्या, आणि नंतर तो कधी ऐकलाही नाही. मला गाणं आवडत नाही."

मग माईकवाला दुसऱ्या माईकवरून म्हणाला, "क्या बात है, आबा पण रुसले होते. जोरदार टाळ्या." टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी मारली. डीजेवाल्यानं ढोलाचा एक ठोका टाकला. माझी घाण मी लोकांपुढे मांडली आणि त्यांनी तिला प्रसादासारखे हात जोडले. ओंकार लाल होऊन माझ्या कानाशी वाकला. "आबा, गंमत होती. बुलेट आधीच ठरली आहे, बुक पण झाली."

"मग रुसलास कशाला?"

"व्हिडिओसाठी."

मी खुर्चीवर येऊन बसलो. सुमन शेजारीच होती. तिनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि समोर बघत म्हणाली, "अन् ती दुपार? ती नाही सांगितली तुम्ही."

तिला ती दुपार ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तिनं ती कधी काढली नव्हती.

मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही असं तेव्हाचे बाप पाळत. नाना आमच्याकडे कधी येत नसत, आणि मी त्या रिवाजाच्या आड सुखानं लपलो होतो. मुलगा झाला तसा तो बांध सुटला. एका उन्हाळ्यात, सकाळच्या एसटीनं, ते एरंडोलला आले. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक नवी तबकडी. दोंडाईच्यापासून ती तशी धरून आणलेली. धोतरावर पाण्याचा गोल डाग पडला होता. त्यांनी नातवाला जवळ घेतलं, आमच्या घरचं पहिलं पाणी प्यायले, परसात जाऊन हात धुतले, मग पुन्हा धुतले. आणि बाजासमोर जमिनीवर येऊन बसले.

मी पडवीत गेलो. मीटरशेजारचा चिनीमातीचा फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला आणि आत येऊन म्हणालो, "लाईट गेली नाना."

"येई. मले घाई नई," ते म्हणाले.

सबंध दुपार ते तिथे बसून राहिले. सुमन त्यांना पंख्यानं वारा घालत होती. मधेच ते फडकं ओलं करून आणायला सांगत. समोरच्या घरात विजेवरची पिठाची गिरणी होती, आणि ती दुपारभर चालू होती. पट्ट्याची धपधप आमच्या भिंतीत येत होती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी नानांकडे पाहिलं. ते बाजाकडे बघत होते. त्यांनी गिरणीचा विषय काढला नाही. उन्हं कलल्यावर उठले, तबकडी पुन्हा गुंडाळली, "आता परत घेऊन जातो, पुढच्या खेपेला आणीन," असं म्हणाले आणि एसटीला गेले. पुढची खेप झाली नाही. त्या पावसाळ्यात ते वारले.

त्या संध्याकाळी सुमननं माझ्या खुंटीवरच्या शर्टातून फ्यूज काढला, पडवीत जाऊन बसवला, दिवा लावला आणि भाकरी टाकायला बसली.

हे सगळं मी लॉन्सच्या मागच्या बाजूला, गाड्या लावतात तिथे, मधुकरला सांगितलं. तो निघायच्या घाईत होता. मी म्हणालो, "मधुकर, तू बाजा घेऊन जा. तुमचा आहे. आत्ता गाडीत ठेवू."

त्यानं गाडीच्या दारावरचा हात काढला. "पण दाजी, नाना तर त्या दिवशी घरी येऊन सांगत होते. दुपारभर ऐकला म्हणून. आवाज कसा भरला होता खोलीत, सुमीनं डोळे कसे मिटले होते, बठ्ठं सांगितलं. आईनं त्यांना दोनदा सांगायला लावलं. आई मरेपर्यंत म्हणायची, आपली वस्तू चांगल्या घरी पडली."

"लाईट होती मधुकर. मी काढली होती."

बायको आतून म्हणाली, "अहो, ऊन लागतंय, बसा." तो बसला. काच अर्धी खाली करून म्हणाला, "बाजा नको मला दाजी. नेला तर लावावा लागेल. लावला की काय ऐकू मी?"

म्हणून तो इथेच आहे. ओंकार पुण्याला जाताना पाटी काढून घेऊन गेला, माझ्याशी नीट बोलला नाही. बाजा दिवाणखान्यात आहे, चालू स्थितीत. उन्हाळाभर लग्नाच्या निमित्तानं कुणी ना कुणी येत असतं. दारातून आत आले की नजर तिकडेच जाते. काय लाकूड आहे, काय चीज आहे, आबा, तो काळच वेगळा. मी त्यांना बसवतो आणि सगळं सांगतो. पळीपासून गिरणीपर्यंत. सुमन बिस्किटांची बशी आणून ठेवते, पदर सावरून कोपऱ्यात बसते, आणि मला अडवत नाही. कुठे काही गाळलं तर नुसती बघते, मग मी तेही सांगतो. पाहुणे चहा पटापट संपवतात आणि उठतात. जाताना बाजाकडे कुणी बघत नाही.